आबांच्या विहिरीचं पाणी

आमच्या घरी आलेल्या माणसाला बसायला सांगण्याआधी पाणी मिळतं. पाणी सगळेच देतात, त्यात काय मोठं, असं कुणी म्हणेल. पण आमच्याकडे ते आबा स्वतः देतात. आबा म्हणजे माझे वडील. स्टीलचा मोठा पेला काठोकाठ भरून आणायचा, पाहुण्याच्या हातात द्यायचा आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभं राहायचं, ही त्यांची पद्धत. शाळेत असताना मला याची लाज वाटायची. मैत्रिणी दोन घोट घेऊन पेला खाली ठेवायला बघायच्या आणि आबा तिथून हलायचेच नाहीत. "पी गं, पी. आपल्या विहिरीचं हाय," म्हणायचे. बिचाऱ्या पोट फुगेस्तोवर प्यायच्या.

ही पद्धत कुठून आली ते आबांनी मला एकदाच सांगितलं, आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्या दिवशी, सगळे गेल्यावर. त्यांचं लहानपण खालापूरकडच्या एका गावात गेलं. तिथल्या विहिरीच्या पायऱ्या आमच्या लोकांना उतरता येत नसत. त्यांची आई कळशी घेऊन लांब उभी राहायची, आणि पाणी भरायला आलेल्या बायांपैकी कुणाला दया आली तर ती वरून ओतायची. कधी अर्धी कळशी मिळायची, कधी उन्हं चढेपर्यंत काहीच नाही. आबा आईचा पदर धरून उभे असत. हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. माझा मात्र नुसता संताप झाला. तो कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी भांडी घासायला घेतली.

पुढे भिवपुरीच्या वीजघरात त्यांना नोकरी लागली. डोंगरावरून नळांतून उतरणाऱ्या पाण्याच्या वाटेवर जाळ्या असतात, त्यात अडकलेला पाला आणि कचरा काढायचं काम. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे माठापाशी गेले आणि आबा सवयीने मागेच थांबले. त्यांच्याच वयाचा एक फिटर होता. त्याने माठात पेला बुडवला, अर्धा स्वतः प्याला आणि उरलेला तसाच, न विसळता, आबांच्या हातात दिला. वर म्हणाला, "घे रं, कवाचा उभा हायस." त्याला त्यात काही विशेष केल्यासारखं वाटलं नसावं. आबांना मात्र तो पेला जन्मभर पुरला.

तोच फिटर म्हणजे आमचे काका. जातीने आमच्यातले नव्हेत, गावातल्या वरच्या आळीतले. पण आमच्या घरात त्यांच्याशिवाय कुठलं कार्य झालं नाही. आबांनी दहिवलीला जागा घेतली आणि घर बांधायच्या आधी विहीर खणली, तेव्हा पहिला पेला काकांनीच प्यायला होता. दोघं निवृत्त झाल्यावर काका दर रविवारी सकाळी कर्जतहून चालत यायचे, पडवीत बसायचे, पेलाभर पाणी प्यायचे आणि मग दोघं जुन्या पाळ्यांच्या गोष्टी काढायचे. त्याच त्याच गोष्टी. मी आतून ओरडायचे, "अहो, हा साहेब मागच्याच रविवारी घसरून पडला होता की!" तरी तो साहेब पुढच्या रविवारी पुन्हा पडायचाच.

मी लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणाऱ्यांना आता उत्तर देत नाही. कर्जतच्या एका बँकेत काउंटरवर बसून माझ्या जिभेला धार आली आहे, ती घरी येईपर्यंत काही बोथट होत नाही. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्यामुळे पुढे जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि तरी मला दिसलं नाही.

आमच्या चहूबाजूंनी इमारती उभ्या राहिल्या. शेतं होती तिथे मुंबईकरांचे बंगले झाले. ज्याने त्याने बोअर मारली, शौचालयाच्या टाक्या खणल्या, आणि कुणाची टाकी कुणाच्या विहिरीच्या किती जवळ आली हे कुणी विचारलं नाही. आमच्या मोरीची फरशी तांबूस झाली. पांढरा कपडा धुतला की पिवळट निघायचा. बादलीला आतून बुळबुळीत थर यायचा. वरण शिजायला वेळ लागायचा, चहावर साय धरल्यासारखं काहीतरी तरंगायचं. हे सगळं इतकं हळूहळू झालं की आम्ही फरशीला, साबणाला, डाळीला दोष देत राहिलो. वासाचं तर विचारूच नका. जे नाक रोज त्याच घरात असतं त्याला वास येतच नाही.

काकांना तो आला असणार. एका रविवारी त्यांनी पेला ओठांना लावला आणि खाली ठेवला. म्हणाले, "आत्ताच पिऊन निघालो रं." पुढच्या वेळी म्हणाले, उपास हाय. उपासाला पाणी चालत नाही असा कुठला उपास, हे आबांनी विचारलं नाही, पण त्यांच्या कपाळावर आठी पडलेली मी पाहिली. आणि मग एका रविवारी काका बगलेत पाण्याची बाटली घेऊन आले.

आबा पेला घेऊन बाहेर आले होते. त्यांनी बाटलीकडे पाहिलं. पेला काठोकाठ भरलेला होता, तो त्यांनी सांडू न देता तसाच आत नेला आणि ओट्यावर ठेवला. मग खोलीत जाऊन दार लावून घेतलं. काका पडवीत बराच वेळ बसून होते. मी चहा विचारला तर नको म्हणाले. जाताना बाटली पिशवीत लपवल्यासारखी ठेवली आणि गेले. त्यानंतर आलेच नाहीत.

संध्याकाळी आबा एवढंच म्हणाले, "शेवटाला आली जात वर. मला वाटलं व्हतं, याची न्हाय येनार."

मी असा माणूस त्याआधी पाहिला नव्हता. माझे आबा रागावले की भांडी आपटतात, शिव्या देतात, तासाभरात निवळतात. या वेळी ते गप्प झाले. पडवीतली काकांची खुर्ची त्यांनी उचलून माळ्यावर टाकली. जेवण कमी झालं. एकदा मध्येच म्हणाले, "मंग त्या पयल्या दिवशीबी त्यानं दयाच केली आसंल." आता प्रश्न एका मित्राचा उरला नव्हता. आबांच्या आयुष्यात जी एक गोष्ट कुणाच्या दयेविना घडली होती, तीच त्यांच्या हातून निसटत होती, आणि ती गमावूनच ते एक दिवस जाणार होते.

मी डोक्यात राख घालून काकांच्या घरी गेले. काय काय सुनवायचं ते वाटेत पाठ करत गेले. काकूंनी दार उघडलं, मला बसवलं आणि पाणी आणून दिलं. मी रागाच्या भरात ते घटाघट प्यायले, आणि थांबले. पेल्यात पाहिलं. पाणी स्वच्छ होतं, आणि त्याला कसलीच चव नव्हती. पाण्याला चव नसते हे मी विसरून गेले होते.

काका आतून आले. चेहरा सुजला होता. साखरेच्या जुन्या दुखण्याने मूत्रपिंड बिघडलं होतं, ते मला तेव्हा कळलं. माझ्या हातातल्या पेल्याकडे पाहून त्यांनी मान खाली घातली.

"काका, आमच्या पाण्याला वास येतो का?"

"येतो गं पोरी. लई दिस झालं."

"मग सांगायचं नाही?"

"कुनाला सांगू? त्याला?" ते म्हणाले. "तुजं पानी खराब झालं, घान झालं, पिन्यासारखं न्हाय... कंचा शबूद वापरू? समदे शबूद आमच्या वाडवडलांनी तुमच्यासाटी वापरून ठिवलेत. माज्या तोंडातून त्यातला एकबी त्याला ऐकू जायला नको हाय. त्यापरीस बाटली बरी, म्हनलं. त्यो ती बगून पार उलटाच समजंल हे माज्या ध्यानात आलं न्हाय."

मी पाठ केलेलं सगळं विसरले. घरी आले, स्वयंपाकघरात नळाखाली पेला धरला आणि नाकाशी नेला. लोखंड आणि गटार. मोरीत जाऊन मी ओकले, आणि तोंड धुवायला पुन्हा तेच पाणी.

दुसऱ्या दिवशी बाटलीत भरून तपासायला दिलं. लोखंड भरपूर निघालं आणि मैल्यातले जंतूही. मी आबांना सरळ सांगितलं, गोल गोल बोलायला मला येत नाही. म्हटलं, आबा, आपलं पाणी खराब झालंय. आख्ख्या घराला पुरेल असं यंत्र मिळतं, ते विहिरीच्या पंपापाशी बसवूया, म्हणजे प्रत्येक नळाला चांगलं पाणी येईल.

"कुनी सांगितलं?"

"तपासून आणलंय."

"तपासायचं कुनी सुचवलं?"

मी तपासणीचा कागद घडी करायला लागले. तेवढ्यावरून त्यांना कळलं.

"त्याच्याकडं गेली व्हतीस." ते उठून उभे राहिले. "त्यानं सांगितलं, माजं पानी बाटलंय, आनि माजी पोरगी तपासाया गेली. आता मी शुद्द करून घेऊ? माज्या हिरीचं? हितं कुनाला पटत नसंल त्यानं पिऊ नये. मी पितो." आणि ते त्याच नळाखाली पेला धरून माझ्यासमोर पूर्ण प्याले. मी रडत होते आणि ते पीत होते.

त्यानंतर आमच्यातही अबोला आला. मी बाहेरून पाण्याचा जार मागवायला लागले, पण ते त्याला शिवायचे नाहीत. पोट बिघडायचं, औषध घ्यायचे, वर पुन्हा तेच पाणी प्यायचे. या वयात हट्टाने असा जीव धोक्यात घालणाऱ्या माणसाचं काय करायचं? बँकेत एका गिऱ्हाइकावर मी विनाकारण ओरडले. 

एक दिवस कपाट आवरताना आईच्या वेळचं पांढरं कापड सापडलं. तिच्या पुण्यानुमोदनाला आम्ही विहारातल्या भन्तेजींना अष्टपरिष्कार दान केले होते. भिक्खूने जवळ बाळगायच्या त्या आठ वस्तू असतात. अंगावर घ्यायचं चीवर असतं, भिक्षापात्र असतं, वस्तरा, सुई-दोरा असतो, आणि पाणी गाळायचं वस्त्रही असतं. त्या वस्त्राचं कापड आबांनी स्वतः दुकानात जाऊन बोटांनी चाचपून निवडलं होतं, शिवूनही स्वतःच आणलं होतं. हे त्यातलंच उरलेलं. त्या वेळी भन्तेजींनी आमच्याकडचं पाणी त्या वस्त्रातून गाळूनच घेतलं होतं, आणि आबा हात जोडून कौतुकाने बघत होते. तेव्हा त्यांना अपमान वाटला नव्हता.

मी अंगणातल्या नळाला ते कापड घट्ट बांधलं आणि कामावर गेले.

आबा रोज सकाळी त्या नळाने झाडांना पाणी घालतात. संध्याकाळी मी आले तेव्हा कापड तांबडंलाल होऊन वाळत पडलं होतं. दुसऱ्या दिवशी ते त्यांनी धुऊन, पिळून पुन्हा नळाला बांधलेलं होतं. ते पुन्हा तांबडं झालं. मग त्यांनी कपाटातून दुसरा तुकडा काढून बांधला. अनेक वर्षं वीजघराच्या जाळ्यांतून निघालेला गाळ बघून पाण्याची तब्येत ओळखणारा हा माणूस होता. त्याला मी शिकवण्यासारखं काही नव्हतं, त्याने नुसतं बघायला हवं होतं. एका संध्याकाळी मी फाटक उघडून आत आले तर आबा नळापाशी उकिडवे बसलेले. हातात ते कापड, त्यावर लालसर चिखल, आणि ते नाकाशी धरलेलं.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"बरेच दिवस झाले असणार."

त्यांनी तो चिखल बोटांत चोळून पाहिला. मग म्हणाले, "म्हंजी त्यो बाटली..."

"हो आबा."

"मंग बोलला का न्हाय?"

काका जे बोलले होते ते मी शब्दन् शब्द सांगितलं. आबांनी ते कापड तोंडावर धरलं आणि ते रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, आता उठतील आणि काकांकडे जातील. छे! आबाच ते. म्हणाले, "आदी पानी नीट हू दे. हात हालवत जाऊ व्हय? कोनत्या तोंडानं जाऊ?" मी सांगितलं, काकांची तब्येत बिघडली आहे, पनवेलला डायलिसिस सुरू झालंय, उद्याच जाऊ. ऐकेनात. मी ओरडले, चिडले, त्यांना आडमुठे म्हणाले. पण त्यांना पाण्याविना मित्राच्या दारात उभं राहायचं नव्हतं. एकदा आईबरोबर रिकामी कळशी घेऊन उभा राहिलेला माणूस पुन्हा रिकाम्या हाताने कुणाच्या दारी जाणार नाही, हे मला तेव्हा समजलं. राग मात्र गेला नाही.

यंत्र काही लगेच बसत नाही. आधी विहीर उपसावी लागली, गाळ काढावा लागला, कठडा वर घ्यावा लागला. गच्चीवरची टाकी घासून घेतली, आतून गंजलेले जुने पाइप बदलले. मग पंपापाशी उभ्या नळकांड्या आल्या. पहिल्यात वाळू, ती गाळ धरते. दुसऱ्यात लोखंड अडकतं, तिसऱ्यात कोळसा, तो वास ओढून घेतो. शेवटी जंतू मारणारा दिवा, त्याच्या उजेडातून पाणी पुढे घरात जातं. यातल्या एकेका कामाला कधी सामान नाही, कधी माणूस नाही. मी दर आठवड्याला काकूंना फोन करायचे, आणि त्या दर वेळी थोडं हळू आवाजात बोलायच्या. काकांना आता पाणी मोजूनच द्यायचं होतं. दिवसभरात औषधासकट जेमतेम पेलाभर. त्याहून जास्त झालं तर फुप्फुसात पाणी भरतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे मी आबांना सांगितलं. त्या दिवसापासून ते यंत्र बसवणाऱ्यांच्या मागे लागले. सकाळी ती माणसं येण्याआधीच आबा पंपापाशी उभे असत. वाळूची नळकांडी साफ करायला तिच्यातून उलटं पाणी सोडावं लागतं, ते काम त्यांनी पहिल्याच दिवशी शिकून घेतलं आणि आपल्याकडे घेतलं. "माजी पाळी," म्हणाले.

पुन्हा तपासणी केली. पाणी चांगलं निघालं. आबांनी नळाला तेच पांढरं कापड बांधलं आणि दिवसभर ठेवलं. ते पांढरंच राहिलं. मग त्यांनी माळ्यावरची खुर्ची काढून पुसली, आणि रिक्षा करून स्वतः काकांना आणायला गेले.

काका रिक्षातून उतरले तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. कपडे अंगावर लोंबत होते आणि पाय मात्र सुजलेले. आबांनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. दोघंही एकमेकांकडे बघेनात. आबा आत गेले. काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "सकाळधरनं घोट घेतला न्हाय गं. गोळीबी कोरडीच गिळली. म्हनले, आजचं समदं पानी तिकडंच पिनार."

आबा पेला घेऊन आले, काठोकाठ भरलेला. सवय कुठे जाते? मी म्हणाले, "आबा, त्यांना एवढं..." पण काकांनी तो दोन्ही हातांनी घेतलासुद्धा. ते प्यायला लागले. ओठ फाटलेले होते, पाणी हनुवटीवरून ओघळत होतं. काकू श्वास रोखून बघत होत्या. आबा समोर उभे.

अर्ध्यावर काका दम घ्यायला थांबले. आबांनी हात पुढे केला.

"दे."

"हाय की रं आजून. पितो समदं."

"दे म्हनतो न्हवं इकडं."

त्यांनी पेला काकांच्या हातातून काढून घेतला आणि उरलेलं पाणी तसंच, न विसळता, उभ्यानेच पिऊन टाकलं. पेला पालथा करून दाखवला. काका त्यांच्याकडे बघतच राहिले, आणि मग सुजलेल्या चेहऱ्याने हसले. काकूंनी पदर तोंडाला लावला. नंतर काकाच म्हणाले, "त्यो सायब घसरून पडला व्हता बग..." आणि आबांनी ती गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. या वेळी मी आतून ओरडले नाही.

काका त्यानंतर आणखी काही रविवार आले. दर वेळी एक पेला आणि दोघांत अर्धा अर्धा. मग आले नाहीत. आबा त्यांना शेवटचं बघून घरी आले, कपडे न बदलता पंपापाशी गेले आणि उलटं पाणी सोडून वाळू धुऊन काढली.

आमच्याकडे अजूनही पाहुण्याला बसायच्या आधी पाणी मिळतं, आणि ते आबाच देतात. पण आता ते समोर उभे राहत नाहीत. पेला हातात देतात, पाठ वळवतात आणि म्हणतात, "लागंल तेवडंच पी. ऱ्हायलेलं मी पितो."